वास न येणारं झुडूप

विहीणबाई झाड बघायला येणार, हे कळल्यापासून अप्पा सारखे गॅलरीत जाऊन झुडपात नाक खुपसत होते. वास काही येत नव्हता.

झुडूप दिसायला झकास होतं. इथल्याच रानातलं, गर्द हिरवं, पांढऱ्या फुलांचे तुरे मिरवणारं. "पानांना लिंबाचा वास येतो, चहात घाला," असं नर्सरीवाल्याने सांगितलं, म्हणून अप्पांनी ते हौसेने आणून मोठ्या कुंडीत लावलं. माईंनी तर नवी पालवी फुटायच्या आतच फोनवर विहीणबाईंपुढे त्याची तारीफ करून टाकली होती.

नर्सरीवाल्याने भलतंच झाड गळ्यात मारलं, अशी आता अप्पांची खात्री झाली होती. पण विहिणीसमोर माईंची शोभा झाली असती, ते त्यांना बघवलं नसतं. माई आंघोळीला गेल्याचं पाहून त्यांनी भांडी घासायचा लिंबाचा साबण पाण्यात कालवला आणि खुर्चीकडच्या फांद्यांचं एकेक पान धरून जुन्या ब्रशाने रंगवलं.

विहीणबाई आल्या, गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या, झुडपाकडे वाकल्या.

"अगंबाई! काय घमघमाट हो!"

माईंची मान ताठ झाली. अप्पांनी सुटकेचा श्वास सोडला, तो अर्ध्यावरच अडकला.

"मग करा की याचाच चहा!"

"आत्ता करते." मूठभर पानं खुडून माई स्वयंपाकघराकडे निघाल्यासुद्धा.

अप्पा मागोमाग धावले. "अगं, गॅस संपलाय."

"मग हे काय पेटलंय?"

"दूध नासलंय."

"याला दूध लागत नाही. अहो, तुम्ही बाहेर बसा बरं. त्या एकट्याच आहेत."

विहीणबाईंना बैठकीच्या खोलीत बसवताना अप्पांच्या मनात साबणापेक्षा वाईट विचार आला. झाड जर भलतंच, तर ते विषारी नसेल कशावरून? आणि पिणार कोण, तर मुलीची सासू! त्यांनी जिन्यात जाऊन नर्सरीवाल्याला फोन लावला.

"अरे, त्या झाडाचं पान खाऊन माणूस मरतो का?"

"कोण मेलंय, काका?"

"अजून कोणी नाही! वासच येत नाही त्याला."

"पान चोळून बघितलंत?"

"चोळून कशाला? मी रोज हुंगतोय की!"

"नुसतं हुंगून काय होणार? वास त्याच्या आत असतो. आधी चोळा, मग बोला."

अप्पांनी गॅलरी गाठली. भिंतीकडचं, साबण न लागलेलं एक पान तोडून चुरगळलं. लिंबू! खरंखुरं, ताजं, नाकात शिरणारं लिंबू. ते कुंडीच्या काठावर टेकले.

तेवढ्यात बैठकीतून आवाज आला, "वा! असा चहा उभ्या जन्मात प्यायले नाही!"

साबण! अप्पा पान मुठीत धरून स्वयंपाकघरात शिरले. "अगं, त्या पानांना मी..."

"कळलं मला," माई दबक्या आवाजात म्हणाल्या. "धुतली तरी पातेल्यात हा एवढा फेस! सगळं ओतून दिलं. साधा कोरा चहा केला आणि वर लिंबू पिळलं. कसलं झाड आणलंत हो?"

अप्पांनी मुठीतलं पान त्यांच्या नाकाशी धरलं. माईंनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग दोघंही तोंडावर हात दाबून ओट्याला टेकून हसत राहिले. झाड खरं होतं, विहीणबाई धडधाकट होत्या आणि अब्रू शाबूत होती.

"आणखी एक कप मिळेल का?" बाहेरून विचारणा झाली.

या खेपेला माईंनी भिंतीकडची पानं खुडली, दोनदा धुतली, हाताने चुरगळली आणि झाकण ठेवून मन लावून चहा केला. कप पुढे करताना त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

विहीणबाईंनी घोट घेतला. जिभेवर घोळवला.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या, "पण पहिल्याची सर नाही हो याला. ती पानं कुठल्या फांदीची होती? तीच फांदी मला कापून द्या, घरी लावून बघते."

माई हसू दाबत घाईघाईने आत पळाल्या. अप्पांनी कात्री उचलली आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने ते ती फांदी शोधायला गॅलरीत गेले.