आबांच्या फोनला बाप व्हायचंय!

मोबाईलमधलं शंभूइतकं कुणालाच कळत नाही, हे निमोण्यात कुणी नाकारत नसे. शंभू तशी संधीच देत नसे! पारावर टेकला रे टेकला की सुरू. "फोन म्हंजी खिशातला चुगलखोर हाय. तुम्ही काय शोधता, कुठं जाता, समदं त्येला ठावं. माणूस खोटं बोलंल, फोन न्हाई बोलणार!" म्हातारी माणसं मान डोलवायची आणि आपापला फोन हळूच जरा लांब सरकवायची.

असा हा हुशार गडी एका नाजूक अडचणीत सापडला होता. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलत नव्हता. गावानं दोष केव्हाच त्याच्या बायकोच्या, साधनाच्या पदरात टाकून दिला होता. उपास तिनंच केले, अंगारे तिनंच लावले, तपासण्याही तिच्याच झाल्या. सगळ्या चांगल्या आल्या. शेवटी तिनं कंबर कसली.

"आता तुम्ही तपासून या. न्हाई तर हळदीकुंकवाला मीच सांगते, कोण ऱ्हायलंय तपासायचं!"

"जातो की! पर कुणाला कळता कामा न्हाई."

मग शंभूनं बेत आखला. शिरूरला जायचंच नाही! तिथं दवाखान्याच्या दारात चपला काढेपर्यंत दोन पाहुणे भेटतात. दौंड बरं. आणि स्वतःचा फोन? छे! चुगलखोराला सोबत कोण नेतो? तो घरीच. दवाखाना शोधायला आणि रस्ता बघायला आबांचा फोन!

रखमाजी आबा म्हणजे शंभूचे वडील. सत्तरीला टेकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. फोनवर बैलगाडा शर्यतीशिवाय त्यांनी कधी काही बघितलं नव्हतं. त्यांच्यावर कोण कशाला पाळत ठेवतंय!

"आबा, तुमचा फोन लई गरम होतोय. दौंडला दावून आणतो."

"आण बाबा. शर्यत मधीच अडकती."

काम फत्ते झालं. परतताना शंभूनं शोधलेलं सगळं पुसून टाकलं, फोन आबांच्या हातात दिला आणि साधनाला म्हणाला, "ह्येला म्हंत्यात डोकं!"

दुसऱ्या दिवशी आबा पारावर शर्यत बघत बसले होते. आवाज एवढा मोठा की शाळेतल्या पोरांनाही निकाल कळावा! बैल सुटणार तेवढ्यात पडद्यावर गुबगुबीत बाळ आलं आणि एक बाई गोड आवाजात म्हणाली, "बाप व्हायचंय? लाजू नका! वय कितीही असो, आम्ही आहोत ना!"

पारावरच्या सगळ्या माना आबांकडं वळल्या.

"ह्ये काय वो आबा?" हनुमंतानं विचारलं. हा गावातल्या सोयरिकी जुळवायचा. त्याचे कान अशा गोष्टींना फार तिखट.

"झायरात हाय. येत्याल बैल आता."

बैल आले. पण पुढच्या शर्यतीआधी पुन्हा बाळ. या खेपेला जुळं!

"आबा, आमच्या फोनवर ह्ये येत न्हाई बरं का! शंभू काय म्हंतो? फोन मनातलं वळखतो!"

आबा काही बोलणार, तोवर फोननं टुंग केलं. वर लिहिलं होतं, 'पाळणा वंध्यत्व उपचार केंद्र, दौंड. तुमची भेट कशी झाली?' आणि खाली पाच चांदण्या. चष्मा घरी राहिल्यामुळं आबांना नुसत्या चांदण्याच दिसल्या.

"काय म्हंतंय?"

"भेट कशी झाली म्हंतंय," हनुमंत म्हणाला. बाकीचं त्यानं मनातच वाचलं.

"चांगलीच म्हणावं. कुणाच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?" आणि आबांनी पाचही चांदण्या पिवळ्या केल्या!

झालं! फोनवर लगेच उमटलं, पागोट्यातल्या आबांचा फोटो, शेजारी पाच चांदण्या, वर दवाखान्याचं नाव. हनुमंतानं ते गावाच्या ग्रुपवर टाकलं. आबा म्हातारपणी दुसरं लग्न करतायत, बाईही ठरलीय, डॉक्टरांनीही होकार दिलाय, अशी बातमी संध्याकाळच्या धारा निघायच्या आत इनामगावला पोचली. तिथं शंभूची थोरली बहीण ललिता दिलेली होती.

सकाळी ललिता दारात हजर! मागोमाग मजा बघायला हनुमंत.

"आबा, ह्या वयात? आईच्या फोटोला काय वाटंल?"

"अगं, मी दौंडला गेलोच न्हाई!"

"मग फोन खोटं बोलतोय व्हय? शंभ्या, तूच सांग. फोन खोटं बोलतो?"

शंभू उगाच स्वतःचा फोन पुसायला लागला. साधनानं चहा ठेवला आणि त्याच्याकडं नुसतं बघितलं. सहा वर्षं तिनं असंच ऐकून घेतलं होतं, आज आबा ऐकत होते. शंभूला लाज वाटली. खरंच वाटली.

"अक्का, दौंडला मी गेलो हुतो!" तो ओरडलाच. "आबांचा फोन घिऊन! कमी माझ्यात हाय. औषधं दिल्यात, हुईल म्हणालेत डॉक्टर. साधनाचा काडीचा दोष न्हाई, कवाच नव्हता!"

 आता आभाळ कोसळणार म्हणून शंभूनं डोळे मिटले.

"म्हंजी," आबा सावकाश म्हणाले, "माझ्याबद्दलचं समदं खोटं ठरलं?"

"व्हय आबा! सुटला तुम्ही!"

"सुटलो कसला, लेका!" आबांचा चेहरा पडला. "रातीच हनुमंतानं न्हावऱ्याच्या सोजरबाईचं स्थळ आणलं. म्हणलं, गावच म्हंतंय तर असंल देवाच्या मनात. मी व्हय म्हणून बसलो की!"

"आबाऽऽ!" ललिताच्या हातातली बशी खाली पडली. हनुमंत दाराकडं सरकायला लागला, त्याला तिनं कॉलर धरून बसवलं. कोण सोजरबाई? कुणाची कोण? लेकरंबाळं किती? सगळे एकदम बोलायला लागले. साधनासुद्धा पदर खोचून पुढं सरसावली.

"आरं, पर मी काय म्हणलो ते ऐकलं का कुणी?" शंभू काकुळतीला आला.

"तू गप रे!" ललिता खेकसली. "तुझं काय पळून चाललंय? हां हनुमंता, बाई सैपाकाला कशी हाय?"