अर्धा धरा, गुरुजी

आमच्या गल्लीत राहायचं तर रोज सकाळी सात वाजता आपण जिवंत असल्याचं जाहीर करावं लागायचं. गहिनीनाथ मुकादम काठीनं दार ठोकायचे आणि ओरडायचे, "हाय का?" आतून "हाय!" आल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. तोंडात ब्रश असो नाहीतर पोटात कळ, ओ दिलीच पाहिजे.

मुकादमांनी वीसेक वर्षं ऊसतोडीच्या टोळ्या नेल्या होत्या. गुडघे गेले तसे घरी बसले, पण मोजायची खोड काही गेली नाही. त्यांच्या मोजणीत माणसं नसायचीच, कोयते असायचे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. युसूफ वडगाव या गावच्या बाजारातून आले की मुकादम सांगायचे, "लई गर्दी आज. पाचशे कोयते तरी आसतील!" आमच्या गल्लीचा त्यांचा आकडा पंधरा आणि एक अर्धा.

तो अर्धा म्हणजे मी. चाळिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, भाड्याच्या खोलीत राहणारा शाळामास्तर. माझ्या दाराशी आले की त्यांचा आवाज उगाच चढायचा. "अर्धा कोयता, हाय का?" समोरच्या ओसरीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मला मनस्वी संताप यायचा. एकदा म्हणालो, "मुकादम, नाव घ्या की माझं."

"कावून? अर्धा काय शिवी हाय का? दोनाचे चार करा, पुरा धरतो."

या खुळाचं मूळ मला त्यांच्या बायकोनं, कौसाबाईंनी सांगितलं. एका साली कर्नाटकात उसाच्या एका फडातून दुसऱ्या फडात टोळी हलवायची होती. मुकादमांनी ट्रॉलीत बसलेले कोयते मोजले, बरोबर भरले, ट्रॉली निघाली. टोळीतली पोरं सांभाळायला सोबत आणलेली त्यांची म्हातारी आई मात्र कुठल्याच कोयत्यात धरलेली नव्हती. फडाच्या कडेला तिचा डोळा लागला होता, ती तिथंच राहिली. दुपार टळल्यावर मुकादम धावत परत गेले, तर उसाच्या वाळल्या पाचटावर बसून होती. एवढंच म्हणाली, "मला मोजलं न्हाईस व्हय रं?"

"तवापासून ह्यांला चैन न्हाई, गुरुजी," कौसाबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटवायला वळल्या.

मग कोरोना आला. गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे बांधले गेले. ग्रामसेवकांनी मुकादमांना दम भरला, की दारोदार फिरलात तर गुन्हा दाखल होईल. दुसऱ्या दिवशी सात वाजता मुकादम टॉवेलनं नाक-तोंड बांधून रस्त्याच्या मधोमध उभे. "दाराला हात लावनार न्हाई. आवाजानं रोग होतो का?" लोकांनी मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि आतून ओ दिली.

दुसऱ्या लाटेत मला ताप भरला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि माझी खोली बंद झाली. घरमालक जेवणाचं ताट लांब बांबूनं माझ्या उंबऱ्यापर्यंत ढकलायचे. निम्मं वरण वाटेतच सांडायचं. चौदा दिवस एका माणसाचं तोंड पाहिलं नाही. आपण गेलो तर कुणाला कधी कळेल, याच विचारात पडून असायचो. सातला हाक यायची, "अर्धा कोयता, हाय का?" मी खोकत खोकत "हाय" म्हणायचो आणि मला रडू फुटायचं. कुणाच्या तरी मोजणीत मी होतो. ज्या हाकेनं डोकं फिरायचं, तिचीच मी वाट बघायला लागलो होतो.

मी उठलो आणि कौसाबाई आजारी पडल्या. गाडी येऊन त्यांना तालुक्याला घेऊन गेली. पाचव्या दिवशी फोन आला. सगळं तिकडंच उरकलं. मुकादमांना शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. मूलबाळ नव्हतंच. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, भावकी भाकरी-पिठलं घेऊन येते, चार घास बळंच खाऊ घालते. भावकी आली, बांबूपलीकडून हात जोडले आणि गाठोडं तिथंच ठेवून परत गेली.

दुसऱ्या दिवशी सात वाजले. सव्वासात झाले. हाक आली नाही. घराघरांची दारं किलकिली झाली, माणसं उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि आत गेली. तीन दिवस असेच गेले. मी त्यांच्या ओट्यावर ठेवलेला डबा तसाच होता, झाकणाला मुंग्या लागलेल्या. आत माणूस कसा आहे हे बघायची कुणाचीच छाती होईना. डबा ठेवून मीही पळून यायचो, त्याची लाज अजून वाटते.

चौथ्या दिवशी सातला मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. शाळेत पोरांवर ओरडणारा माझा आवाज तेव्हा नेमका निघेना. कसाबसा ओरडलो, "मुकादम, हाय का?"

काहीच नाही. पुन्हा ओरडलो. मागच्या दारातून आणखी कुणीतरी ओरडलं, "मुकादम, हाय का?" मग पलीकडून एक बाई. मग सगळी गल्ली.

आत काठी फरशीवर घासली. कडी निघाली नाही, पण दाराला टेकून कुणीतरी उभं राहिल्याचं कळलं.

"हाय," आतून आवाज आला. मग काठी दारावर एकदा वाजली.

"अर्धा धरा, गुरुजी."