सावंतचं अर्थिंग

समस्त वाचकांनी चष्मे पुसून सावध बसावे. पुढील घोषणेची दखल सरकारने घेतलेली नाही, आमच्या घाटकोपरच्या चाळीने मात्र घेतली आहे: जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ खराब अर्थिंगमध्ये आहे. हा शोध आमचे शेजारी दिगंबर सावंत यांचा.

नळाला पाणी नाही? "अर्थिंग बघा." कुणाचं पोरगं गणितात नापास? "त्याला अर्थिंगच नाही." माझ्या कमरेत उसण भरली तेव्हा त्याने मला मोरीत अनवाणी उभं केलं. उसण राहिली ती राहिली, वर सर्दी झाली.

सावंत विम्याच्या कचेरीत कारकून. जीव मात्र मोटरसायकलवर. ती चाळीच्या चौकात शिरली की घराघरांतल्या टीव्हीवर पांढऱ्या रेघा नाचायच्या. रविवारच्या सिनेमात नायिका रडायला लागली, की नेमकं तिच्या तोंडावर टर्रर्र!

"दिग्या, बंद कर रे तुझं ते धूड!" सगळे मजले ओरडायचे.

शेवटी त्याने प्लगला रेझिस्टरवाली टोपी बसवली आणि रेघा गेल्या. "ठिणगी नुसतं पेट्रोल पेटवत नाही भाऊ," तो मला म्हणाला, "आसपासच्या प्रत्येक वायरीत शिरून बोंब मारते."

मग त्याने दोन हेल्मेटं आणली. आत टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरचे तुकडे बसवले आणि मागच्या कॅरिअरला आवाज वाढवणारा एक पत्र्याचा डबा लटकवला. चालत्या गाडीवर त्याला बायकोशी बोलायचं होतं. सुधावहिनी मुलुंडच्या शाळेत शिकवायच्या. संध्याकाळी हा त्यांना गाडीवरून घरी आणायचा.

चाचणीला अर्थातच मी. हेल्मेट घातलं आणि कानात कुणीतरी पापड तळायला घेतले. गाडीचा वेग वाढला की तळणाऱ्याचाही वाढे.

"काय ऐकू येतंय?"

"तुझी गाडी!"

सावंत हटला नाही. त्याने जाळीची वायर घातली, कंडेन्सर लावला आणि जोडलेल्या प्रत्येक वस्तूला वेगळं अर्थिंग दिलं: एक चिमटा हँडलला, एक मडगार्डला, एक कॅरिअरला. चहूबाजूंनी दाव्यांना बांधलेल्या म्हशीसारखी गाडी दिसायला लागली. आता पापडांच्या जोडीला एक भुंगाही आला.

"अरे, एवढं काय बोलायचंय तुम्हाला?" मी वैतागलो. "घरी बोला ना!"

त्याने वर आपल्या दाराकडे पाहिलं. "दोन खोल्यांत आम्ही आठ माणसं, भाऊ. कुजबुजलो तरी बाकीचे सहाही जण ऐकतात. ती बोलते फक्त गाडीवर. वाऱ्यात मला शब्द कळत नाही, मी आपला 'हो, हो' करतो. पाच वर्षं हो म्हणतोय यार. कशाला, ते माहीत नाही."

मी न कुरकुरता हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. आमच्या चाळीत ही घटना दुर्मीळ आहे.

एका संध्याकाळी चौकात पुन्हा चाचणी होती. इंजिन चालू, दोघांची डोकी हेल्मेटांत. वहिनी मागे बसल्या, त्यांचा पदर कॅरिअरच्या चिमट्यात अडकला. त्यांनी तो ओढला आणि चिमटा निसटला.

"थांब! हलू नकोस!" सावंत ओरडला. भुंगा नाहीसा झाला होता.

डब्याला बॅटरीच्या वायरीतून अर्थिंग आधीच मिळत होतं, आणि ह्या जास्तीच्या चिमट्यांतूनच गोंगाट आत येत होता. सावंतने उरलेले चिमटे स्वतःच्या हाताने काढले. एकेक काढताना त्याचा चेहरा बाप्पाचं विसर्जन करून आल्यासारखा.

"एकच पुरे होतं की रे," तो म्हणाला.

आता जाळीची वायर आणि कंडेन्सरही कामी आले, पापड थांबले. पण हेल्मेटात कान झाकले की आपण किती मोठ्याने बोलतो हे माणसाला समजत नाही.

"ऐकू येतंय?" सावंत किंचाळला.

"येतंय!" वहिनींचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत. "अगदी जवळून!"

"मग सांग ना. रोज मागून काय म्हणत असतेस?"

गॅलऱ्या भरल्या होत्या. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"हेच, की घाटकोपर आलं तरी थांबू नका. एवढ्यात घरी नको. असंच पुढे जाऊ या, कुठेही."

आणि हा रोज 'हो, हो' म्हणत त्यांना सरळ दारात आणून उतरवत होता.

सगळ्यांच्या नजरा पायरीवर तांदूळ निवडत बसलेल्या सावंतच्या आईकडे वळल्या. म्हातारीने सूप खाली ठेवलं आणि इंजिनाच्या वरताण आवाजात मालवणीत ओरडली,

"मगे जावा मां! भाताचा मी बघतंय!"