फोन उचलणारी डेलेनी

"डेमोक्रॅट चार टक्क्यांनी पुढे," इंग्रिड हॅल्वर्सन म्हणाली. "मागच्या आठवड्यात रिपब्लिकन चारने पुढे होते. आठ दिवसांत अख्खा मतदारसंघ कूस बदलतो का?"

"पेपरात तर आलंय, तरुणाई जागी झाली म्हणून," शेजारच्या टेबलावरून तिचा सहकारी रॉय म्हणाला.

वॉशिंग्टनला या भागातून कोण निवडून जाणार, याचा अंदाज इंग्रिड विस्कॉन्सिनमधल्या त्या लहानशा कॉलेजातून दर आठवड्याला जाहीर करायची. दोन वर्षांपूर्वी तो चुकला होता. पुन्हा चुकला तर तिच्या सर्वेक्षण केंद्राच्या खोलीत व्यायामाच्या सायकली ठेवायचं ठरलं होतं. सायकली येऊन दाराशी थांबल्याही होत्या.

आकडे उलगडल्यावर गोम सापडली. दर आठवड्याला त्याच मतदारांना फोन जायचे, आणि पंचविशीच्या आतलं कुणीही अनोळखी नंबर उचलत नव्हतं. उचलायची ती एकटी डेलेनी क्रूगर. त्या वयाचे मतदार मात्र भागात पुष्कळ. म्हणून हिशेबात तिचं एक मत तीस जणांएवढं धरलं जाई. तिने विचार बदलला की तीस जण बदलायचे. बातमी वाचून रिपब्लिकन उमेदवार तरुणांसाठी स्केटबोर्डवर उभा राहिला होता आणि आता त्याचा हात प्लास्टरमध्ये होता.

"काढून टाक तिला," रॉय म्हणाला.

"मग तरुण कुणीच उरत नाही."

"मग ठेव."

"मग निवडणूक तीच ठरवते."

नियमात बसत नव्हतं, तरी शनिवारी इंग्रिड क्रूगरांच्या गोठ्यावर गेली. डेलेनी गाईंना दूध काढायचं यंत्र लावत होती.

"फोनवाल्या बाई ना तुम्ही? आवाजावरून ओळखलं."

"तू अनोळखी फोन कशी उचलतेस?"

"हात गाईखाली असतात, नंबर कुठे दिसतो? कोपराने बटण दाबते."

"आणि मत का बदललंस?"

"आधी बाबा म्हणाले ते सांगितलं. मग त्यांनी माझी कालवड विकली, तेव्हा उलटं सांगितलं. पण आता नीट सांगणार. पेपरात त्या हॅल्वर्सन म्हणून प्राध्यापिका येतात ना, त्या म्हणतील तेच. त्यांचा अभ्यास असतो."

इंग्रिड उपड्या बादलीवर बसली. "आणि त्या चुकल्या तर?"

"त्या कशाला चुकतील? एवढ्या लोकांना विचारून सांगतात."

त्या आठवड्यात डेलेनीने डेमोक्रॅट म्हणून सांगितलं. शेवटचा अंदाज तोच गेला आणि डेमोक्रॅट थोडक्यात निवडून आले. डीननी अभिनंदनाचा केक पाठवला.

इंग्रिडने गोठ्यावर फोन लावला. "मत देऊन आलीस ना?"

"नाही हो. एक गाय अडली होती. आणि निकाल तर पेपरात आधीच आला होता."

फोन ठेवून इंग्रिडने डेलेनीला वगळून पुन्हा हिशेब मांडला. तिन्ही आठवड्यांचं उत्तर एकच आलं: बरोबरी. म्हणजे आपल्याला काहीच कळलेलं नव्हतं.

बाहेर माणसं सायकली परत न्यायला आली होती. इंग्रिडने केकचा एक तुकडा खाल्ला, तो चांगला होता, मग ती उठली आणि त्यांना म्हणाली, "एक असू द्या."