म्हशीच्या अटी

"अजी, उठा. तुमच्या मैनेवर तक्रार आली."

पुष्पाबाईंनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की खुशालला आधी वाटलं, म्हैस पुन्हा कुणाच्या वाडीत शिरली असेल. पण तेवढ्यासाठी बायको कमरेवर हात ठेवून उभी राहत नाही. तो अंथरुणावर उठून बसला.

"कोनाची तक्रार?"

"भुपेंद्रची. ग्रामपंचायतीत देऊन गेला. संग फोटो लावला हाये. मैना तलावात गळ्यापर्यंत बसली अन् कॅमेऱ्याकडे पाहून राहिली."

"मंग? म्हैस उन्हाळ्यात तलावात नाई बसन त काय झाडावर बसन?"

"ठराव आठवते का तुमाले? सूचक कोन होते?"

आता मात्र खुशालची झोप पार उडाली, कारण सूचक तोच होता. आणि ठराव ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाला त्या सरपंच पुष्पाबाई समोरच उभ्या होत्या.

खुशाल हा मुळातच भित्रा माणूस. बायको गॅसचं सिलिंडर बदलते तेव्हा तो अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहतो. बँकेत सही करताना श्वास रोखून धरतो. मोबाइल चार्जिंगला लावून शांत झोपणाऱ्या माणसाबद्दल त्याला मनापासून आदर वाटतो. त्यामुळे हिवाळ्यात एक पांढरी गाडी चिखलटोल्याच्या तलावाच्या पाळीवर थांबली आणि आतल्या माणसांनी जमीन मोजायला सुरुवात केली, तेव्हा गावात सगळ्यात आधी घाबरला तो खुशाल.

तुमसरचा भुपेंद्र हा जमिनीचे सौदे जमवणारा माणूस. गाडीवाल्या कंपनीच्या वतीने तोच बोलायचा. इथे डेटा सेंटर होणार, असं त्याने सांगितलं. म्हणजे काय, तर मोठमोठ्या कपाटांत यंत्रं, आणि त्या यंत्रांत साऱ्या जगाचे फोटो, व्हिडिओ, हिशोब.

"आपला एक मोबाइल चार्जिंगले लावला त हात भाजते," खुशाल म्हणाला होता. "असे लाखभर एका जागी ठेवले त?"

"म्हनून त पानी लागते ना काका. थंड कराले."

"किती?"

"लागन तेवढं."

या 'लागन तेवढं'ने खुशालची भूक गेली. गावाचं धान त्याच तलावावर, नळाचं पाणी त्याच तलावाचं. मग कंपनीचा अर्ज यायच्या आतच गावाने ग्रामसभा भरवली आणि नियम करायचं ठरवलं. ग्रामसेवक संघपाल मेश्राम हे सरळ आणि अतिशय जपून चालणारे गृहस्थ. ते म्हणाले, "कंपनीचं नाव टाकू नका. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर मला राहावं लागते." नाव गेलं. 'डेटा सेंटर' हे शब्दही गेले, कारण उद्या ते दुसऱ्या नावाने आले तर काय करता? शेवटी 'यंत्र' उरलं, त्यालाही खुशालने भीत भीत हरकत घेतली.

"ते म्हनतीन, हे यंत्र नाई, कपाट हाये. काहीही असो, असं लिवा."

अशा रीतीने सगळ्यांच्या भीतीची नीट काळजी घेऊन नियम तयार झाला. तलावाचं पाणी कोणीही, तापणारी कोणतीही चीज थंड करण्यासाठी, ग्रामपंचायतीच्या परवानगीवाचून वापरू नये. वापरल्यास ती चीज जप्त होईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सूचक म्हणून खुशालचं नाव लागलं, तेव्हा आयुष्यात आपण एकदा तरी धाडस केलं असं त्याला वाटलं होतं. आता नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झाला होता आणि ते धाडस त्याच्याच गोठ्यात येऊन उभं राहिलं होतं.

चहा न घेताच तो ग्रामपंचायतीत पोचला.

"साहेब, म्हैस काय चीज हाये का?"

मेश्राम साहेबांनी चष्मा पुसला. "तापते का?"

"तापते."

"पाण्यानं थंड होते?"

"त्यासाठीच त बसते."

"मग आहे, काका," ते खऱ्या दुःखाने म्हणाले.

"जप्त म्हंजे? कुठं ठेवता तिले?"

"कोंडवाड्यात."

"कोंडवाड्यावर टिनाचं छप्पर नाई ना! या उन्हात मरून जाईन ते!"

"म्हणून तर मी अजून कारवाई केली नाही. पण तक्रार लेखी आहे. त्यानं वर पाठवली तर मला हलावंच लागन."

खुशालने त्या दिवशी मैनेला गोठ्याबाहेर काढलंच नाही. दुपारपर्यंत तिने रेकून गल्ली डोक्यावर घेतली. शेवटी त्याला राहवेना. त्याने अंगणातल्या नळाखाली बादली भरली आणि तिच्या पाठीवर पहिला तांब्या ओतला, तोच मागून आवाज आला.

"नळाले पानी कुठून येते?" पुष्पाबाईंनी विचारलं.

खुशालच्या हातून तांब्या पडला. पाणी तलावातूनच येत होतं. त्याने घाबरून इकडे तिकडे पाहिलं आणि त्याची नजर खिडकीतल्या कूलरवर गेली. कूलर सकाळपासून मजेत घरघरत होता, त्याच नळाचं पाणी पिऊन, सरपंचांच्या घराला थंड करत.

"बंद करा तो," पुष्पाबाई हळूच म्हणाल्या. नवऱ्याने आपल्याला भिववल्याची ही त्यांच्या संसारातली पहिलीच वेळ.

सरपंचांकडचा कूलर भर नवतप्यात बंद झाला, ही गोष्ट लपणारी नव्हती. शेजाऱ्यांनी कारण विचारलं आणि कारण ऐकून आपापले कूलर बंद केले. टिकारामच्या पिठाच्या चक्कीचं जुनं इंजिन पाण्याच्या टाकीवर थंड व्हायचं. त्याने चक्कीला कुलूप घातलं. गावात पीठ मिळेना. म्हाताऱ्या आनंदाबाई पदराखाली काहीतरी लपवत ग्रामपंचायतीत आल्या. पदराखाली माठ होता.

"साहेब, यात तलावाचंच पानी थंड होते, बाप्पा. माठ बी जप्त होते काय?"

मेश्राम साहेबांनी माठाला हात लावून पाहिला आणि "वर विचारून सांगतो," म्हणाले. त्यामुळे लोक जास्तच घाबरले. संध्याकाळपर्यंत घराघरातले माठ पलंगाखाली गेले. भुपेंद्रची मोटारसायकल दिसली की रस्त्यावरची माणसं डोक्यावरचा ओला दुपट्टा काढून खिशात कोंबू लागली. त्याने मोबाइल नुसता कानाला लावला तरी बायका दारं लावून घेत.

दोन दिवसांत गाव उकडून निघालं. मैनेचं दूध आटलं. ती आता रेकतही नव्हती, नुसती खुशालकडे पाहत होती, आणि ते त्याला रेकण्याहून वाईट वाटत होतं.

तेव्हा भुपेंद्र अंगणात आला. अतिशय प्रेमाने आला.

"भेवू नका काका. मले काय म्हशीशी वैर हाये? तुमीच त सूचक. तुमी ठराव मागं घ्या, मी तक्रार मागं घेतो."

"अन् तलाव?"

"तलाव कुठं जाते? तलाव राहते तिथंच."

तलाव राहील, पाणी राहील की नाही ते भुपेंद्र बोलला नाही. खुशालने विचारायचं धाडस केलं नाही. भिंतीवरून ऐकत असलेला टिकाराम मात्र लगेच बोलला, "घेऊन टाक ना मागं! काहून अटकून बसला? जीव जाऊन राहिला लोकाईचा. तुले नियम कराले कोनं सांगतलं होतं?"

त्या वेळी सगळ्यात जोरात टाळ्या टिकारामनेच वाजवल्या होत्या. पण हे त्याला ऐकवायलाही खुशाल भीत होता.

ठराव ठेवला तर मैना जाणार. काढला तर तलाव जाणार, आणि मग धान, नळ, सगळंच. खुशालला जेवण जाईना. त्याने बायकोला विचारलं, "तू काय म्हंतेस?" पुष्पाबाई म्हणाल्या, "मी सरपंच हावो. मी काही म्हनलं त म्हनतीन, नवऱ्याची म्हैस वाचवून राहिली." एवढं बोलून त्या गोठ्यात गेल्या आणि मैनेच्या कपाळावरून हात फिरवत कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

विशेष ग्रामसभा दुसऱ्या दिवशी सकाळीच शाळेच्या व्हरांड्यात भरली. एवढी गर्दी गावाने कधी पाहिली नव्हती. भुपेंद्र पहिल्या रांगेत पाहुण्यासारखा बसला होता. खुशाल खांबाला धरून उभा राहिला.

"मी... हा ठराव... मागं..."

व्हरांड्यातून तलाव दिसत होता. उन्हाळ्याने निम्मा झालेला, तरी भरपूर. पुढचा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. आणि अशा वेळी खुशाल जन्मभर जे करत आला होता तेच त्याने केलं. विचारल्याशिवाय तो कधी दुसऱ्याच्या बांधावरसुद्धा बसला नव्हता.

"त्यात 'परवानगीवाचून' असं लिवलं हाये ना?" तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "मंग मले परवानगी द्या ना. मैनेले तलावात बसाची."

मेश्राम साहेबांनी नियम पुन्हा वाचला, मग आणखी एकदा वाचला. इतके दिवस हे कुणालाच सुचलं नव्हतं, त्यांनाही नाही.

"देता येते," ते म्हणाले. "पण अटी घालाव्या लागतीन. बिनअटीची परवानगी तपासणीत अडकते."

मग काय विचारता! दोन दिवस उकडलेलं गाव अटींवर तुटून पडलं. जिला थंड व्हायचं तिने स्वतः तलावात उतरावं, पाइप टाकू नये. मुंडकं पाण्याच्या वर दिसलं पाहिजे. जाताना अंगाला लागेल तेवढंच पाणी न्यावं. दिवस बुडायच्या आत आपल्या घरी जावं.

"अन् गावाले रोज शेन द्यावं," आनंदाबाई मागून ओरडल्या. "फुकटात कोनालेच थंड कराचं नाई!"

तेही लिहिलं गेलं. कूलर, माठ आणि चक्की यांना घरगुती वापर म्हणून एका ओळीत मोकळं केलं. सगळ्यांचे हात वर गेले, टिकारामचे तर दोन्ही.

भुपेंद्र ताडकन उठला. "हा अन्याय हाये! म्हशीले परवानगी देता, मंग कंपनीले काहून नाई? ज्या अटी तिले, त्याच आमाले लावा अन् द्या परवानगी!"

पुष्पाबाईंनी आवाज जराही न चढवता विचारलं, "याच अटीवर?"

"याच अटीवर!"

"लिवून घ्या, मेश्राम साहेब."

हशा असा उठला की शाळेच्या छपरावरची कबुतरं उडाली. दुपारी सगळे कूलर घरघरू लागले, माठ पलंगाखालून बाहेर आले, आणि मैना तलावात गळ्यापर्यंत बसून डोळे मिटून राहिली. लोक येता जाता खुशालच्या पाठीवर थाप मारत होते. यंत्रांची कपाटं दिवस बुडताना रांगेने घरी कशी जातील, हे टिकाराम चालून दाखवत होता. फक्त खुशाल हसत नव्हता. त्याला सवयच नव्हती.

आठवडा गेला आणि भुपेंद्र पुन्हा आला. हातात पेढ्याचा कडीचा डबा. ग्रामपंचायतीसमोर बसलेली माणसं त्याला पाहून आधीच हसू लागली.

"कंपनीच्या साहेबानं सगळ्या अटी मान्य केल्या," तो म्हणाला.

"कपाटं तलावात उतरवता काय रे?" टिकारामने विचारलं.

"डब्ब्यात घालून उतरवतो म्हंते. क्रेन हाये त्याइच्यापाशी. मुंडकं वर राहीन, त्याच्यावर लाल दिवा लावतो म्हंते. सांजच्याले क्रेननंच बाहेर काढून घरी."

"अन् शेन?" आनंदाबाईंनी हसू दाबत विचारलं.

"रोज किती घमेले पायजे, तेवढं सांगा. बाहेरून आणून देतो म्हंते."

माणसं पोट धरून हसली. आनंदाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. मेश्राम साहेबसुद्धा दाराशी येऊन हसले. खुशाल तेवढा पांढराफटक पडून तलावाकडे पाहत होता.

"जे लोक शेन बी बाहेरून आणून द्याले तयार हायेत," तो हळूच म्हणाला, "त्याइले पानी किती पायजे असन?"

हसणं एकाएकी थांबलं. टिकारामने पेढ्याकडे नेलेला हात मागे घेतला. आनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. एकेक करून सगळ्यांच्या माना तलावाकडे वळल्या आणि तिथेच राहिल्या. पुष्पाबाईही दारात येऊन तिकडेच पाहू लागल्या, आणि त्यांचा चेहरा खुशालने कधी पाहिला नव्हता इतका उतरला होता.

खुशालने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. गाव एकसाथ भ्यालं होतं. इतक्या वर्षांनी भ्यायला सोबत मिळाली, तसा त्याला जरा धीर आला. त्याने पुढे होऊन भुपेंद्रच्या हातातल्या डब्याचं झाकण लावलं आणि डबा त्याच्या गाडीच्या हँडलला अडकवून दिला.