घंटा वाजली की धावायचं

घड्याळजींना बंद घड्याळ बघवत नसे. कुणाच्या घरी गेले, की पाणी पिण्याआधी भिंतीकडे बघायचे. तिथे एखादं मेलेलं घड्याळ दिसलं, की गप्पा यजमानांशी आणि जीव त्या घड्याळात. त्यामुळे बेटावरच्या त्या जुन्यापुराण्या सराईत पाऊल टाकल्या टाकल्या जिन्याच्या वळणावर चादर पांघरून उभं असलेलं पुरुषभर उंचीचं घड्याळ दिसावं, हा दैवाचा भाग म्हणायचा. पाऊल टाकल्या टाकल्या म्हणजे, कपाळ आपटल्यावर. सराईची दारं बुटक्या पूर्वजांच्या मापाची होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाकायला शिकवत होती.

"बंद आहे ते," मालकीणबाई म्हणाल्या. "माझ्या आजोबांपासून."

"आजोबांपासून!" कपाळ चोळत घड्याळजी असे हळहळले, की जणू आजोबा कालपरवाच गेले असावेत.

"ते घड्याळ नि व्हरांड्यावरची घंटा, दोन्ही एकाच बुडालेल्या जहाजावरून काढलेली. घंटा त्या कोपऱ्यापलीकडे आहे. ज्याला देवमासा दिसेल त्यानं ती वाजवायची. आणि घंटा वाजली, की बाकीच्यांनी हातातलं टाकून धावायचं. बस, एवढा एकच नियम आहे आमच्याकडे."

"धावायचं," घड्याळजींच्या बायकोनं मान डोलावली आणि आपल्या दुखऱ्या गुडघ्यांकडे बघितलं. 'ऐकलंत ना?' असंच जणू ती त्यांना विचारत होती.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्त झाली तरी गल्ली तिला ऑपरेटरबाईच म्हणे. जगाची बोलणी जोडून दिली, स्वतः कुठे गेली नाही. एकदा अशाच कुठल्या बेटावरून एका मुलानं आईला फोन लावला होता. ऑपरेटरनं ऐकायचं नसतं, पण कान काय झाकता येतात? "आई, देवमासा बघितला," तो म्हणाला. आईनं विचारलं, "केवढा रे?" आणि पुढे कुणी बोलेचना. लाइन तुटली असं वाटून ऑपरेटरबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "बोलणं चालू आहे का?" तेव्हा तो मुलगा कसाबसा म्हणाला, "चालू आहे हो. सांगता येत नाहीये."

झालं! सांगता येत नाही असं काय असेल, हे त्या दिवशी बाईंच्या मनात जे बसलं ते उठलंच नाही. दर वर्षी त्या विचारायच्या, "जायचं का हो?" दर वर्षी घड्याळजी डोळ्याचं भिंग न काढता उत्तर द्यायचे, "दुकान कोण बघणार?" त्यांचंही खरंच होतं. ज्या माणसाचा जन्म तिळाएवढे स्क्रू शोधण्यात गेला, त्याला घरात मावत नाही असला मासा बघून करायचंय काय? शेवटी या वर्षी बाईंनी तिकिटंच काढली आणि दुकानाला आपल्या हातानं कुलूप लावलं.

पहिले दोन दिवस समुद्रात पाण्याशिवाय काही दिसलं नाही. बाई शाल गुंडाळून सकाळपासून व्हरांड्यात बसायच्या. शेजारी दातांचे एक डॉक्टर तोफेएवढा कॅमेरा रोखून बसायचे. एक नवपरिणीत जोडपं एकमेकांनाच बघायचं. घड्याळजी मात्र जांभया देत.

"एवढं पाणी समोर, नि बघायला काही नाही," ते म्हणाले.

"बघत राहिलं की दिसेल," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवून लवंडले. बाईही गुडघ्यांना तेल चोळून पडल्या. घड्याळजींनी दाढीच्या डब्यातून हत्यारं काढली. सहलीला हत्यारं कशाला, असं विचारू नका. तुमची चष्म्याची डबी असते ना बरोबर, तसंच ते. चादरीखाली डोकं घालून त्यांनी वाळलेलं तेल खरवडलं, नवं सोडलं, आठ दिवसांची चावी गच्च भरली आणि लंबकाला बोट लावलं. टिक्. घड्याळजींच्या डोळ्यांत पाणी आलं. काटे लावायचे तेवढे राहिले होते, पण वरच्या मजल्यावर कुणाची तरी चाहूल लागली, म्हणून त्यांनी घाईघाईनं चादर ओढली.

तेवढ्यात घड्याळानं घसा खाकरला आणि ठोके सुरू केले. इतकी वर्षं बंद असल्यामुळे वेळेचा नि ठोक्यांचा काही संबंध उरला नव्हता. टण्, टण्, टण्, नऊ झाले तरी थांबायचं नाव नाही. आणि आवाज? हुबेहूब घंटेचा! एकाच जहाजाची लेकरं ती.

"देवमासा!" वरून डॉक्टर ओरडले.

चोर पळावा तसे घड्याळजी मागच्या दारानं पळाले. कपाळ आपटलं, कोपऱ्याला वळले आणि थांबले ते नेमके घंटेखाली. सगळी सराई धापा टाकत तिथे हजर.

"तुम्ही वाजवलीत? कुठे आहे? कुठे?"

दुसऱ्याच्या घरचं घड्याळ न विचारता उघडलं, हे चारचौघांत सांगायचं? घड्याळजींनी समुद्राकडे बोट केलं. समुद्र मोठा असतो, बोट कुठेही लागतं.

"दिसला! शेपूट दिसलं!" डॉक्टर किंचाळले. ते म्हटल्यावर जोडप्यालाही दिसलं.

बाई सर्वांत शेवटी पोचल्या, गुडघा धरून. "कुठे हो?"

"गेला," घड्याळजी म्हणाले.

"गेला का." त्या कठड्याला टेकल्या. "कसा होता?"

"मोठा होता."

"केवढा?"

"बराच."

घड्याळजींनी दाखवलेल्या दिशेला बाई बराच वेळ बघत राहिल्या. घड्याळजींचा चहा गार झाला.

लंबक थांबवला की मिटलं, हे त्यांना कळत होतं. पण डॉक्टरांनी कॅमेऱ्याचं स्टँड जिन्याच्या वळणावर हलवलं होतं. तिथल्या खिडकीतून शेपटाची दिशा नेमकी दिसते म्हणे! आपल्या साऱ्या बॅगा त्यांनी घड्याळाच्या दाराला टेकवून रचल्या आणि वर जाहीर केलं, "आता मी रात्रीसुद्धा इथून हलत नाही!" घड्याळाकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. बंद घड्याळाकडे कोण बघतं? शिवाय दातांची यंत्रं फिरवून फिरवून त्यांचे कान असे झाले होते, की ठोका ऐकू यायचा, पण कुठून आला ते कळायचं नाही.

मग घड्याळजींच्या नशिबी वनवास आला. तास भरत आला, की मनगट बघायचं, "जरा पाय मोकळे करतो" म्हणायचं आणि ठोके पडायच्या आत घंटेखाली जाऊन उभं राहायचं. नाहीतर घंटा वाजवली कुणी, हा प्रश्न आलाच. कधी चार ठोके, कधी अकरा. रात्री भरतीच्या गर्जनेत काही ऐकू गेलं नाही, ही देवाची कृपा. सकाळी पुन्हा तेच. घड्याळजींची कीर्ती वाढत गेली. "काय नजर आहे हो!" मालकीणबाई म्हणाल्या. जोडप्यानं त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला.

आणि दर ठोक्याला बाई धावत होत्या. शाल एका खांद्यावर, एक चप्पल पायात, एक व्हरांड्यात. दर वेळी शेवटी पोचायच्या, दर वेळी "गेला का" म्हणायच्या. ते "गेला का" घड्याळजींना ठोक्यांपेक्षा जोरात ऐकू यायला लागलं. इतकी वर्षं हिला आणलं नाही, आणि आणली तर ही अशी थट्टा चालवलीय, असं म्हणून त्यांनी स्वतःला मनातल्या मनात चार शिव्याही हासडल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी परतीची बोट होती. तोपर्यंत पळून पळून सगळ्यांचे पाय बोलायला लागले होते. डॉक्टर बॅगांसकट खोलीत जाऊन आडवे झाले होते, जोडपं सामान भरत होतं. जिना मोकळा बघून घड्याळजींनी चादर उचलली, दार उघडलं आणि लंबक घट्ट धरला. हुश्श.

टण्!

घड्याळजींनी हातातल्या लंबकाकडे बघितलं. तो मुकाट होता.

टण्! टण्! टण्!

"अरे, गप! गप बस ना बाबा!" हातोडी धरायला घड्याळजी खांद्यापर्यंत आत शिरले. तिथून हातोडी सापडेना आणि बाहेरही येता येईना. ठोके तर थांबतच नव्हते.

"पुन्हा आला वाटतं!" वरून डॉक्टर ओरडले. "येऊ दे. शेपूट आहे माझ्या कॅमेऱ्यात!" कुणी जागचं हललं नाही.

मालकीणबाई आल्या तेव्हा त्यांना चादरीतून बाहेर आलेले दोन पाय दिसले.

"अहो, तुम्ही यात काय करताय?"

"थांबवतोय," आतून आवाज आला. "मीच चालू केलं होतं. माफ करा. पण लंबक धरला तरी वाजतंयच हो!"

मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे कालपासून... अहो, आजोबांनी मुद्दाम बंद केलं होतं ते! लोक देवमासा म्हणून ठोक्यांना धावायचे, म्हणून!" मग त्या थबकल्या. "पण हे घड्याळ वाजत नाहीये. ही घंटा आहे. तुमच्या बाई आहेत व्हरांड्यात."

घड्याळजी बाहेर कसे आले हे त्यांनाही पुढे आठवलं नाही. धावताना दारानं कपाळाचा शेवटचा नमस्कार घेतला. कोपऱ्याला वळले तेव्हा बाई घंटेची दोरी धरून उभ्या होत्या, तोंडावर पाण्याचे तुषार. कठड्याच्या अगदी खाली, हाकेच्या अंतरावर, खवळलेल्या पाण्यात एक मोठ्ठं गुळगुळीत वर्तुळ उरलं होतं. कुणीतरी नुकतंच आत गेल्यासारखं. तेही बघता बघता पुसलं गेलं.

"गेला?" घड्याळजींनी विचारलं.

बाईंनी नुसती मान हलवली.

"कसा होता गं?"

बाईंचे ओठ हलले, आवाज आला नाही. घड्याळजी हळूच म्हणाले, "बोलणं चालू आहे का?"

तेव्हा बाई हसल्या आणि रडल्याही, दोन्ही एकदम. "चालू आहे हो. सांगता येत नाहीये."

ते तसेच कठड्याला टेकून उभे राहिले. जरा वेळानं घड्याळजींनी घसा साफ केला. घड्याळासारखाच. "ऐक ना. आधीचे ते सगळे..."

"घड्याळ होतं. ठाऊक आहे मला." बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "उभा जन्म घंटा ऐकण्यात गेला माझा. कुठली कुठून वाजते, हे मला कळायचं नाही होय? दुसऱ्याच वेळेला कळलं."

"मग धावत कशाला होतीस? एवढे गुडघे दुखत असताना?"

"वा! घंटा खोटी असली म्हणून काय झालं?" बाई म्हणाल्या. "तेवढ्यात खरा आला असता तर?"

घड्याळजींनी दोरीवरचा बाईंचा हात सोडवून आपल्या हातात घेतला. बोटीचा भोंगा होईपर्यंत दोघं समुद्र बघत राहिले. दिसलं काही नाही.

बोटीवर बाईंना गाढ झोप लागली. कितीतरी वर्षांनी पोट भरल्यासारखी झोप. जाग आली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. घड्याळजी कठड्याशी उभे होते, कपाळावर टेंगळं, डोळ्यांवर हाताची सावली. बेट कधीच दिसेनासं झालं होतं. त्यांनी मनगटाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"या ना बसायला," बाई म्हणाल्या. "केव्हाचे उभे आहात?"

"पुढच्या वर्षी..." पाण्यावरची नजर न हलवता घड्याळजी म्हणाले, "पुढच्या वर्षी लवकर येऊ या का गं? दोन दिवस जास्तच राहू."

बाईंनी शाल सावरली. इतक्या वर्षांचं राखून ठेवलेलं एक वाक्य होतं, ते त्यांनी अगदी सावकाश बाहेर काढलं.

"आणि दुकान कोण बघणार?"

"दुकान!" घड्याळजी म्हणाले. "दुकानच तर बघितलं गं आजवर."