पाथर्डी फाटा येथील टाकीवर शेवाळ चालोन आले त्याची हकीकत

श्री.

मोठमोठ्या लढाया लिहिणारे लिहून गेले, गडकोटांच्या हकीकती दफ्तरी दाखल जाहल्या. परंतु तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच ऐशा काचेच्या मुलखात चाळीस दिवस जे रण माजले त्याचा एक कागद कोणी केला नाही. पुसावे तर जो तो आपली फुशारकी सांगतो. सबब ज्यांनी डोळां पाहिले त्यांच्या जबान्या घेऊन, तारखा पडताळोन आणि अधिकउणे काढोन ही हकीकत लिहिली असे. यात मेले ते मेले लिहिले. कोणास उगाच शूर केले नाही.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर. नाशिक शहरी, पाथर्डी फाट्याजवळ, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राजमान्य राजश्री संतोषराव राज्य करीत होते. राज्य म्हणजे दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर. पैकी दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर यांवर अंमल त्यांच्या पत्नी तेजलबाईसाहेब यांचा; आणि हॉल व जेवणाचे टेबल यांच्या मधोमध स्टँडवर ठेविलेली माशांची टाकी तेवढी संतोषरावांच्या खास निसबतीची. दिवसा अंबडच्या कारखान्यात स्टोअर सांभाळावे, नटबोल्टांची मोजदाद करावी, आणि मग संध्याकाळी टाकीसमोर स्टूल टाकोन बसावे, ऐसा तीन वर्षांचा शिरस्ता. टाकीत मासे बावीस, मागल्या बाजूस कांद्याच्या पातीसारख्या उंच वनस्पतींची फळी, पुढे रुंद पानांची झुडपे, आणि पाणी ऐसे की आहे की नाही हा संशय यावा.

त्याच वर्षी आषाढात संतोषरावांचे तीर्थरूप भिमाजीआबा यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया जाहली. आबा दिंडोरीकडील जुने द्राक्षबागाईतदार. चाळीस वर्षे वेलींची चाकरी केलेली; ती बाग पुतण्याच्या हवाली करोन, आणि दिवाळीपर्यंत शेतात पाऊल घालणे नाही ऐसे डॉक्टरांचे फर्मान घेऊन, ते तिसऱ्या मजल्यावर मुक्कामास आले आणि टीव्हीकडे पाठ व टाकीकडे तोंड करोन खुर्चीत बसले. त्या खुर्चीतून हिरवे म्हणावे ऐसे तेवढेच दिसत होते.

पोळा जाहला आणि गनीम दिसो लागला. प्रथम काचेवर हिरवी धूळ बसली, मग पानांच्या कडांस सुतासारखी झिपरी लोंबो लागली, आणि मग खासे पाणीच फितले व पालकाच्या सुपासारखे जाहले. मासे आत आहेत की नाहीत हे दाणे टाकल्यावर वर येणाऱ्या तोंडांवरून मोजावे, ऐसा प्रसंग. दोन मासे त्या आठवड्यात कामास आले.

गणपती विसर्जनाचे दुसरे दिवशी तेजलबाईसाहेबांनी फर्मान काढिले, ते येणेप्रमाणे: टाकीच्या पलीकडे हातभर अंतरावर जो खांब आहे त्यावर कॅलेंडर आहे. दसऱ्याचे दिवशी हॉलमध्ये बसून, टाकीच्या आरपार, त्या कॅलेंडरावरील मजकूर वाचता आला पाहिजे. न आल्यास टाकी दुसऱ्या मजल्याचे सनी यांस देण्यात येईल. सनी यांचे मोबाइलचे दुकान. रिकाम्या टाकीत कव्हरे मांडावी ऐसी त्यांची मसलत, आणि ते दर दोन दिवसांनी वर येऊन टेपने लांबीरुंदी घेऊन जात.

‘‘वहिनी, घाई नाही,’’ सनी म्हणत. ‘‘फक्त दसऱ्याला गिऱ्हाईक जास्त असतं.’’

आबांनी खुर्ची टाकीच्या एक वीत जवळ सरकविली.

मग संतोषरावांनी कंबर बांधिली. पहिल्या मोहिमेत मुदत सरलेले एटीएम कार्ड हाती घेऊन काच खरडिली, आणि टूथब्रश फिरवोन झिपऱ्या गुंडाळून बाहेर ओढिल्या. खांद्यापर्यंत शर्ट भिजला आणि चौथे दिवशी काच पूर्ववत हिरवी. दुसऱ्या मोहिमेत कॉलेज रोडवरून शेवाळ खाणाऱ्या नऊ गोगलगाई चाकरीस आणिल्या. गोगलगाई लढल्या ऐसे लिहवत नाही, त्या जेवल्या. पैकी एक ठाणे सोडोन निघाली आणि तेजलबाईंच्या चपलेत सापडली, तेणेकरून घरात दोन दिवस अबोला. तिसरी मोहीम पितृपक्षात. उजेडावाचून शेवाळ जगत नाही ऐसे वाचोन संतोषरावांनी टाकीचा दिवा बंद केला, चारी बाजूंनी काळ्या चादरी बांधिल्या आणि चार दिवस वेढा घातला. पाचवे दिवशी चादर सोडिली तो पाणी स्वच्छ! संतोषरावांनी कारखान्यात पेढे वाटिले. ते पेढे लोकांच्या तोंडात आहेत तो आठवड्यात गनीम दुपटीने चालोन आला.

येथे संतोषरावांचा धीर सुटला. बाहेरील शत्रू ऐसा परतोन येत नाही, आत कोणी फितूर आहे, ऐसे त्यांच्या मनाने घेतले. आणि घरात सनीशी बोलणी कोणाची, हे उघड होते. घटस्थापनेचे दिवशी त्यांनी स्नेही बुद्धभूषण यांस पाचारण केले. बुद्धभूषण सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकविणारे, घरी सात टाक्या बाळगणारे, थंड डोक्याचे गृहस्थ. त्यांनी काचेच्या नळीत टाकीचे पाणी घेतले, थेंब टाकिले, हलविले. आणि पाणी डाळिंबासारखे लाल जाहले.

‘‘खत कोण टाकतं?’’ सरांनी विचारिले.

‘‘कोणीच नाही.’’

‘‘संतोष, ह्या पाण्यावर ऊस उभा राहील.’’

संतोषरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. ते पाहणे तेजलबाईंनी पाहिले आणि त्या हातातील झारा घेऊनच बाहेर आल्या.

‘‘अहो, मला टाकी घालवायची असती, तर घरात फिनेल नव्हतं का?’’

तेव्हा खुर्चीतून आवाज आला.

‘‘एकोणीस-एकोणीस मीच टाकलं.’’

एकोणीस-एकोणीस म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश तिन्ही सारखे असलेले, पाण्यात विरघळणारे खत. द्राक्षपट्ट्यात मीठ नसलेले घर सापडेल, ही पुडी नसलेले सापडणार नाही. आबांनी ती पानतंबाखूच्या चंचीतून काढून टेबलावर ठेविली.

‘‘पानं पिवळी पडली व्हती. पार देठापासून. तुम्हा कोणाला दिसली का? मी पोळ्याआधीपासून बघतोय, तव्हाच एकदा टाकलं. मग चादरी बांधून चार दिस उपाशी ठेवलं, तव्हा आणखीच पांढरी पडली. म्हणून परत टाकलं.’’

‘‘किती टाकलं, आबा?’’ संतोषरावांचा आवाज चढला होता.

‘‘लय नाय. चिमूट.’’

सरांनी कागद पुढे केला आणि चिमूट टाकून दाखवावी ऐसी विनंती केली. तेजलबाईंनी केकचा वजनकाटा आणिला. आबांची चिमूट चार ग्रॅम भरली. एवढ्या टाकीस पाव ग्रॅम पुष्कळ. परंतु दोनशे लिटरच्या टिपाडात किलो ओतणाऱ्या हातास त्याहून लहान चिमूट ठाऊक नव्हती.

फितुरास कडेलोट हा जुना दस्तूर. गॅलरीस सोसायटीने कबुतरांची जाळी बसविलेली, सबब तो विचार राहिला. संतोषराव पुष्कळ बोलणार होते, बोलो लागलेही. तेव्हा बुद्धभूषण सर, जे इतका वेळ भिंगाने पाने पाहत होते, ते म्हणाले, ‘‘रोग आबांनी बरोबर ओळखलाय रे. झाडं उपाशीच होती. मात्रा चुकली, एवढंच.’’

संतोषराव खाली बसले. रोज संध्याकाळी टाकीसमोर स्टूल टाकोन बसणारा मी, आणि मला पाने दिसली नाहीत, हे त्यांस लागले. आबा टाकीकडे पाहत होते. ‘‘दे सनीला,’’ ते म्हणाले. ‘‘काचंत कव्हरं तरी मरत नाहीत.’’

‘‘दसऱ्याला दहा दिवस आहेत,’’ तेजलबाई म्हणाल्या. ‘‘मी दिलेली तारीख मी बदलत नाही. अलीकडेही नाही, पलीकडेही नाही.’’ आणि आत जाताना पुडी उचलून कमरेस खोविली.

मग नवा बंदोबस्त जाहला. दिव्यास टायमर लाविला, उजेड सहा तास. दाणे एक वेळ. एक दिवसाआड निम्मे पाणी काढावे आणि आदल्या दिवशी बादल्यांत भरून ठेविलेले घालावे. ते काढिलेले पाणी गॅलरीतील कढीपत्त्यास दिले, तो दहा दिवसांत वीतभर वाढला. खत सरांच्या हुकमाखेरीज नाही. आणि टाकीतील छाटणीचा अधिकार, संतोषरावांनी आपल्या तोंडाने, भिमाजीआबांस दिला. आबांनी पुतण्यास फोन करोन बागेतील आपली कात्री मागविली. ती आल्यावर त्यांनी खुर्ची टाकीस भिडविली, बाही वर सारिली, आणि चाळीस वर्षांचा हात पाण्यात घातला.

‘‘शेवाळ धरलेलं पान ठेवायचं नाय. हवा खेळली पाहिजे. हे बघ, हे पिकलं पान. खातं, देत काही नाय, नुसती जागा अडवतं.’’

‘‘आबा, पानाचंच बोलताय ना?’’ तेजलबाईंनी विचारिले.

‘‘पानाचंच गं. चहा टाक.’’

अश्विन शुद्ध दशमी, गुरुवार, तारीख दोन ऑक्टोबर. सकाळी एटीएम कार्ड, टूथब्रश, पाइप आणि द्राक्षाची कात्री पाटावर मांडोन पूजा केली. दहा वाजता सनी टेप न घेता, दोन मजूर घेऊन आले. तेजलबाईसाहेबांनी सर्वांस हॉलमध्ये बसविले आणि म्हणाल्या की वाचन आबा करतील, संतोषरावांच्या डोळ्यांवर भरवसा नाही. ज्यांस चार ग्रॅम लपविता आले नाहीत ते खोटे वाचणार नाहीत. आबांचे दोन्ही मोतीबिंदू काढिलेले. ते खुर्चीत पुढे वाकले.

‘‘दोन. गुरुवार. दसरा.’’

‘‘आज दसरा आहे हे मलाही माहीत आहे,’’ सनी म्हणाले. ‘‘हे न बघता सांगता येतं.’’

‘‘पुढं वाचा, आबा,’’ तेजलबाई म्हणाल्या. ‘‘तीन तारखेला मी आज सकाळी मार्करने काहीतरी लिहिलंय. कोणी बघितलेलं नाही.’’

संतोषरावांनी स्टूल पुढे ओढिले.

‘‘तीन. शुक्रवार. टा... थांब, मासा आडवा आला. सरक रं बाबा. हां. ‘टाकी’...’’ आबा थांबले. मग एकेक अक्षर नीट लावोन त्यांनी वाचिले: ‘‘ ‘टाकी सनीला देणे. सकाळी अकरा.’ ’’

मजुरांपैकी एकाने टाकीकडे हात नेला, तो तेजलबाईंनी झाऱ्याने अडविला.

‘‘वाचलं की त्यांनी,’’ त्या म्हणाल्या.

येणेप्रमाणे पाथर्डी फाट्याची मोहीम फत्ते जाहली. आपले मासे मेले दोन. गोगलगाय फरारी एक. फितूर सापडला एक, तो माफ करोन छाटणीवर कायम केला. सनी यांस आपट्याची पाने आणि पेढे देऊन सन्मानाने खाली पाठविले. तीन तारखेचा मजकूर तेजलबाईंनी पुसावयास घेतला, परंतु मार्कर पक्का निघाला. नोव्हेंबर उजाडला तरी ते पान भिमाजीआबांनी कोणास उलटू दिलेले नाही. रोज सकाळी ते खुर्चीत बसतात, टाकीच्या आरपार ‘टाकी सनीला देणे’ हे शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून पाहतात, आणि वाचता आले म्हणजे चहा मागतात. मिति कार्तिक वद्य पंचमी. आज सकाळी चहा मागितला, हे खुद्द पाहोन लिहिले असे.